मोबाइलचं औषध-ॲप फार्मसीच्या संगणकावर: एम्युलेटर, मिररिंग की सरळ ब्राउझर?

हॉस्पिटल फार्मासिस्टसाठीची बरीच चांगली ॲप फोन डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. डोस काढणारी, दोन इंजेक्शनं एकाच लाइनमधून चालतील का ते सांगणारी, इंटरॅक्शन तपासणारी. काम मात्र संगणकावर चालतं. ऑर्डर तिथे, लॅबचे आकडे तिथे, शेरा लिहायचा तोही तिथेच. मग फोन उचला, अनलॉक करा, मॉनिटरवरचे आकडे बघून टाइप करा, उत्तर डोक्यात धरून परत कीबोर्डकडे वळा. गर्दीच्या शिफ्टमध्ये हे नकोसं होतं आणि कुणीतरी 'ॲप पीसीवर कसं चालवायचं' म्हणून शोधतं. उत्तर ठरलेलं असतं: अमुक एम्युलेटर (संगणकात खोटा फोन उभा करणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करा. हे सल्ले मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. तिथे फ्रेम किती सुटतात हा प्रश्न असतो. इथे डोस बरोबर निघतो का आणि कुणाची माहिती कुठे राहते, हा.

माझा क्रम आधीच सांगतो. आधी ब्राउझर, मग मिररिंग (फोनचा पडदा संगणकावर दाखवणं), आणि एम्युलेटर फक्त शिकवायला किंवा चाचपून बघायला. अपवाद आहेत, ते ओघात येतील.

ब्राउझर: आधी इथे बघा

तुम्हाला हवं ते ॲप वेबवर आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक जण तेवढंच करत नाहीत. लेक्सिड्रग (पूर्वीचं लेक्सिकॉम्प), मायक्रोमेडेक्स, मेडस्केप, एमडीकॅल्क, ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी ही सगळी ब्राउझरमध्ये उघडतात. काहींना वर्गणी लागते, पण संस्थेची वर्गणी असेल तर हॉस्पिटलच्या नेटवर्कवरून बऱ्याचदा वेगळ्या लॉगिनची भानगडही राहत नाही. एज किंवा क्रोममध्ये साइट 'ॲप म्हणून इन्स्टॉल' करता येते. मग ती स्वतंत्र खिडकीत उघडते, टास्कबारवर तिचा आयकॉन येतो आणि पंचवीस टॅबच्या गर्दीत ती शोधावी लागत नाही. ॲडमिन पासवर्डही सहसा लागत नाही.

वेबचा मोठा फायदा म्हणजे माहिती ताजी असते. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरीची छापील आवृत्ती वर्षातून दोनदा निघते, डिजिटल मजकूर मात्र दर महिन्याला बदलतो. वेबसाइट उघडली की नवाच मजकूर समोर येतो. फोनवरच्या ॲपला तो उतरवून घ्यावा लागतो. आणि आठवड्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या एम्युलेटरमध्ये पडलेलं ॲप जुन्याच मजकुरावर उत्तरं देत राहतं, बिनतक्रार.

दुसरा फायदा रुंदीचा. वाय-साइट कम्पॅटिबिलिटीचा (दोन इंजेक्शनं एकाच नळीत एकत्र आली तर चालतील का, याचा) तक्ता फोनवर बघितला असेल तर मुद्दा लगेच पटेल. औषधाचं नाव आणि हिरवा-लाल ठिपका दिसतो. कुठल्या द्रावणात, किती तीव्रतेला, किती तास, हे सगळं उजवीकडे सरकवल्यावर किंवा आणखी एकदा टॅप केल्यावर. खरी माहिती तिथेच असते. साधं ॲम्फोटेरिसिन बी (बुरशीवरचं इंजेक्शन) ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालतं, सलाइनमध्ये त्याचा साका होतो. नुसता हिरवा ठिपका बघून वॉर्डला 'चालेल' सांगणाऱ्याला हा फरक कळतच नाही. मोठ्या स्क्रीनवर पूर्ण ओळ एका नजरेत येते. फोनचं ॲप एम्युलेटरमध्ये ताणून मोठं केलं तरी ही सोय मिळत नाही, कारण मांडणी फोनचीच राहते. अक्षरं तेवढी मोठी होतात.

ब्राउझर कुठे कमी पडतो? ज्या ॲपला वेब आवृत्तीच नाही तिथे. लहान मुलांच्या इन्फ्युजनची छोटी कॅल्क्युलेटर किंवा एखाद्या संस्थेने स्वतःपुरतं बनवून घेतलेलं ॲप यांत हे सापडतं. नेट गेलं की वेबही गेलं, हेही आहेच; त्या वेळेसाठी फोनवरचं ऑफलाइन ॲप ठेवावंच.

मिररिंग: ॲप फोनवरच, पडदा तेवढा मोठा

यात ॲप हलत नाही. ते तुमच्याच फोनवर चालतं आणि संगणकावर फक्त त्याचं चित्र येतं. कीबोर्ड-माउस मात्र संगणकाचा. ॲपच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. तोच फोन, तीच सेटिंग, तेच लॉगिन. एम्युलेटरपेक्षा मी याला वर ठेवतो ते यासाठीच.

अँड्रॉइडसाठी 'एससीआरसीपीवाय' (scrcpy) हे मोफत, ओपन सोर्स साधन उत्तम आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फोनवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, रूटही (फोनची आतली कुलपं उघडणं) लागत नाही. केबल जोडायची आणि सुरू करायचं. त्यासाठी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग (केबलवरून संगणकाला फोनचा ताबा देणारी सेटिंग) चालू करावं लागतं, आणि इथे जपायला हवं. पहिल्यांदा जोडल्यावर फोन विचारतो, 'या संगणकाला नेहमी परवानगी द्यायची का?' शिफ्टमधले सगळे जण वापरतात त्या संगणकावर त्या चौकटीत टिक करू नका. नुसतं 'अलाउ' म्हणा आणि काम झालं की डीबगिंग बंद करा. हॉस्पिटलने दिलेला, एमडीएमखालचा (संस्था दुरून नियंत्रित करते असा) फोन असेल तर ही सेटिंग बहुधा कुलूपबंदच असते. मग आयटी विभागाशी बोलण्याला पर्याय नाही.

विंडोजचं फोन लिंक केबलशिवाय चालतं, पण ॲपचा पडदा दाखवण्याची सोय निवडक कंपन्यांच्या निवडक फोनवरच आहे. शिवाय फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर लागतात. हॉस्पिटलमध्ये संगणक वायरने आतल्या नेटवर्कला आणि फोन पाहुण्यांच्या वाय-फायला, अशी विभागणी सर्रास असते. घरी छान चाललं आणि कामावर जोडणीच होईना, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आयफोनवाल्यांसाठी २०२४ पासून मॅकओएस सेकोया आणि आयओएस १८ यांच्यात आयफोन मिररिंग आलं. फोन जवळ आणि लॉक केलेला हवा, दोन्हीकडे एकच ॲपल अकाउंट हवं. म्हणजे मॅक तुमचा स्वतःचा असेल तरच त्याचा उपयोग. कॅमेरा मिररिंगमधून चालत नाही, त्यामुळे बारकोड स्कॅन करणारं ॲप असेल तर विषय संपला.

मिररिंगच्या दोन कटकटी आधी माहीत असलेल्या बऱ्या. काही ॲप स्क्रीनशॉटला मनाई करतात. अशा ॲपच्या जागी मॉनिटरवर नुसता काळा चौकोन दिसतो. तो दोष नव्हे, बनवणाऱ्याने मुद्दाम केलेली सोय आहे, तेव्हा तिला वळसा घालायच्या युक्त्या शोधत बसू नका. दुसरी कटकट नोटिफिकेशनची. घरचा मेसेज काउंटरवरच्या मॉनिटरवर ठळक झळकतो. जोडण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावायची सवय करा.

एम्युलेटर

ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्सप्लेअर, मेमू ही नेहमीची नावं. संगणकाच्या पोटात एक आख्खा अँड्रॉइड फोन उभा करायचा, अशी ही कल्पना. ब्लूस्टॅक्स ५ किमान ४ जीबी रॅम मागतं, पण सोबत हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर चालू असेल तर ८ जीबीखाली हाल होतात. इन्स्टॉल करायला ॲडमिन अधिकार लागतात, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं आणि विंडोजच्या हायपर-व्हीशी (संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या तिच्याच सोयीशी) कधी कधी वाजतं. हॉस्पिटलच्या संगणकावर यातली एकही गोष्ट फार्मासिस्टच्या हातात नसते.

वेग आणि रॅम हा वरवरचा भाग झाला. सुरक्षेचं उदाहरण घ्या. २०२१ च्या सुरुवातीला ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी उघड केलं की नॉक्सप्लेअरच्या अपडेट यंत्रणेतच घुसखोरी झाली होती आणि काही निवडक वापरकर्त्यांना अपडेटच्या नावाखाली हेरगिरीचं सॉफ्टवेअर गेलं होतं. रुग्णांच्या नोंदी ज्या नेटवर्कवर आहेत तिथे मुख्यतः गेमसाठी बनलेलं सॉफ्टवेअर आणायला आयटीवाले का कचरतात, ते यावरून समजावं.

आता गणिताकडे. एम्युलेटर म्हणजे ॲपच्या लेखी नवाकोरा फोन, आणि त्याची भाषा-प्रदेश सेटिंग अनेकदा अमेरिकन इंग्रजी असते. काही ॲप त्यावरून एककं ठरवतात. साठ वर्षांचा पुरुष, वजन ७० किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा आकडा) १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने किडनीचा क्लिअरन्स (रक्त साफ करण्याचा वेग) मिनिटाला सुमारे ५६ मिलिलिटर येतो. वजनाच्या चौकटीशेजारी किलोऐवजी पाउंड असेल आणि ७० तसेच टाकले, तर ॲप वजन ३२ किलोच्या आसपास धरतं आणि उत्तर येतं २५. एनॉक्सापॅरिनच्या (रक्ताच्या गुठळ्यांवरचं इंजेक्शन) उपचाराच्या डोसला ३० ही सीमारेषा आहे. तिच्या वर किलोमागे १ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, खाली दिवसातून एकदाच. म्हणजे एका न पाहिलेल्या एककापायी रुग्णाचा रोजचा डोस निम्मा. फोनवर ही सेटिंग कधीच लावून झालेली असते, म्हणून तिकडे कुणाचं लक्षही जात नाही.

यात जबाबदारीचाही प्रश्न आहे. डोस काढून देणारं ॲप काही देशांत वैद्यकीय उपकरण म्हणून नियमांखाली येतं, आणि बनवणाऱ्याने ते कुठल्या फोनवर, कुठल्या अँड्रॉइड आवृत्तीवर तपासलंय हे कागदोपत्री असतं. एम्युलेटर त्या यादीत सहसा नसतो. औषध लेबलबाहेर, म्हणजे मंजूर नसलेल्या कारणासाठी, वापरताना आपण जितका विचार करतो, तितका इथेही करावा. काही ॲप एम्युलेटर ओळखून उघडायलाच नकार देतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

बारकोडचं म्हणाल तर यूएसबी स्कॅनर कीबोर्डसारखाच आकडे टाइप करतो, त्यामुळे एम्युलेटरमधल्या मजकुराच्या चौकटीतही तो चालतो. पण ॲपमधलं कॅमेऱ्याचं बटण दाबलं की वेबकॅम सुरू होतो, आणि व्हायलवरचा इवलासा चौकोनी कोड वाचणं साध्या वेबकॅमला जमत नाही.

मग एम्युलेटर घ्यावा कधी? विद्यार्थ्यांना प्रोजेक्टरवर ॲप दाखवायला, कार्यपद्धतीच्या कागदात घालायला स्क्रीनशॉट घ्यायला, विभागाने नवं ॲप घ्यावं का हे चाचपायला. काल्पनिक रुग्ण, खरं नाव कुठेच नाही. त्यासाठी मी गेमवाल्या एम्युलेटरपेक्षा गूगलच्या अँड्रॉइड स्टुडिओमधला घेईन. तो जड आहे, मांडायला वेळ खातो, पण त्यात जाहिराती नाहीत.

एक जुना सल्ला अजून फिरतो: विंडोज ११ मध्येच अँड्रॉइड ॲप चालतात म्हणे. चालायची. मायक्रोसॉफ्टने त्या सोयीचा सपोर्ट ५ मार्च २०२५ ला बंद केला.

क्रोमबुक किंवा नवा मॅक असेल तर

क्रोमबुकवर प्ले स्टोअर थेट मिळतं, आणि संस्थेच्या क्रोमबुकवर कुठली ॲप चालतील हे ॲडमिनला ठरवता येतं. फार्मसीत ती असतील तर एम्युलेटरचा विचारही करू नका. ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलचीच चिप असलेल्या) मॅकवर आयपॅडची ॲप मॅकच्या ॲप स्टोअरमधूनच उतरवता येतात, मात्र बनवणाऱ्याने तशी मुभा ठेवली असेल तरच.

शेअर केलेला संगणक असेल तर

मार्ग कुठलाही निवडा, क्लिपबोर्ड विसरू नका. विंडोजमध्ये क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर शेवटच्या २५ गोष्टी साठून राहतात, आणि विंडोज-व्ही दाबलं की पुढच्या शिफ्टच्या माणसाला त्या दिसतात. बहुतेक एम्युलेटर आणि मिररिंगची साधनं हा क्लिपबोर्ड फोनशी वाटूनही घेतात. रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक कॉपी करून ॲपमध्ये टाकायची गरज मुळातच नसते. वय, वजन, क्रिएटिनिन हाताने टाइप करा.

आणि यातलं काहीही रोजच्या कामात घेण्याआधी, उत्तर आधीच माहीत असलेली चार-पाच गणितं फोनवर आणि संगणकावर शेजारी-शेजारी करून बघा. त्यात एक नवजात बाळ असू द्या, एक किडनीचा रुग्ण, आणि एक क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये आलेला रिपोर्ट (१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर). ॲप अपडेट झालं की हीच गणितं पुन्हा.