सगळं करायचं की एकच धरायचं? सॉफ्टवेअर कॉन्ट्रॅक्टिंगला उतरण्यापूर्वी

नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टिंग करायचं ठरलं की दोन वाटा दिसतात: येईल ते काम घेणं, किंवा एकच विषय पक्का धरणं.

जनरलिस्टला पहिलं काम लवकर मिळतं. वेबसाइट, एपीआय, मोबाइल ॲप, काहीही चालतं. पण क्लायंटच्या हातात तशाच प्रोफाइलचा गठ्ठा असतो, त्यामुळे बोलणी लगेच तासाच्या दरावर येतात आणि तिथेच अडतात.

स्पेशालिस्टकडे सुरुवातीला फारसं कुणी फिरकत नाही. पुढे मात्र चित्र पालटतं. पोस्टग्रेस डेटाबेसचंच घ्या. त्यातला ट्रान्झॅक्शन आयडी (डेटातल्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा क्रमांक) ३२ बिटांचा, म्हणजे मर्यादित असतो, म्हणून साधारण २०० कोटी ट्रान्झॅक्शन्स उलटण्याआधी जुन्या नोंदी व्हॅक्यूम ही साफसफाई चालवून 'फ्रीझ' कराव्या, म्हणजे कायमच्या जुन्या म्हणून खूण कराव्या लागतात. हे काम फार मागे पडलं, तर डेटा वाचवण्यासाठी डेटाबेस नवीन काही लिहूनच घेत नाही. ऑर्डर्स अडकतात, सगळी टीम हवालदिल होते. अशा वेळी कुणीतरी विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरकडे डेटाची प्रत कुठवर पोचली याची नोंद) व्हॅक्यूमला अडवतोय, हे चटकन शोधून देणाऱ्याशी दरावरून घासाघीस होत नाही. त्याची फी ठप्प झालेल्या धंद्याच्या नुकसानीशी ताडून पाहिली जाते. चांगला पैसा आहे तो इथे.

धोका आहे तो विषय कसा निवडता यात. ॲडोबीने २०१७ मध्ये फ्लॅश हे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम्स चालवणारं तंत्र बंद करण्याची घोषणा केली आणि २०२० च्या अखेरीस सपोर्ट संपवला. ज्यांची ओळख फक्त 'फ्लॅशवाला' अशी होती, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. एसएपी कंपनीच्या ईसीसी या जुन्या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये मुरलेल्यांना मात्र एस/४हाना या नव्या सॉफ्टवेअरकडे चाललेल्या स्थलांतरामुळे उलट मागणी आहे, कारण जुनं आणि नवं दोन्ही कळणारा माणूस लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत: टूलपेक्षा अडचण निवडा. 'मी रिॲक्ट करतो' यापेक्षा 'पेमेंट्सचा हिशोब जुळत नसेल तर मी जुळवून देतो' हे जास्त वर्षं टिकतं.

काही महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल, तर आधी जनरलिस्ट म्हणूनच उतरा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्या कामांमध्ये कोणती अडचण पुन्हापुन्हा समोर येते आणि तिच्यासाठी क्लायंट खळखळ न करता पैसे मोजतो, याची नोंद ठेवा. प्रोफाइलची पहिली ओळ त्यावरूनच लिहा.