काटा उतरला, हेड गेलं: ‘कूलिंग किट’ घरी बसवण्याआधी हे वाचा

एप्रिल लागला की जालना, बीड, परभणीकडं पारा 42 च्या पुढं सरकतो आणि जुन्या गाड्या हीट मारायला लागतात. ‘कूलिंग किट’वाल्यांचा हाच सीझन. “दादा, मिस्त्रीकडं जायची गरज नाही. पाना घ्या, अर्ध्या तासात घरीच बसवा. टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला तर पैसे परत.” काटा खरोखरच वर जात नाही. फसवणूक नेमकी तिथंच आहे.

किटमध्ये चार जाड वायसर (भोकाच्या चकत्या) आणि निळा दिवा लागणारी काळी डबी असते. वायसर बॉनेटच्या बिजागरीखाली घालायचे, म्हणजे काचेकडची कड बोटभर उचलते. गाडी उभी असताना त्या फटीतून गरम वाफारा बाहेर येतो, हात धरला की पटतं. पण 80 च्या वेगाला पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो. मग हवा त्याच फटीतून उलटी आत शिरते आणि जाळीतून येणाऱ्या हवेला मागं जायला वाव राहत नाही. वर बिजागरीच्या बोल्टचे दोन-तीन आटे कमी धरतात, ते वेगळंच.

वायसरनं निदान लगेच काही बिघडत नाही. डबी मात्र इंजिन खाते. ती टेम्परेचर सेन्सरच्या प्लगमध्ये अडकवायला सांगतात. फोडून पाहिली तर आत तपकिरी-काळी-तपकिरी पट्ट्यांचा एक रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग), म्हणजे 100 ओहम. किंमत रुपया-दोन रुपये. दिवा निव्वळ शोभेचा.

सेन्सरचं गणित असं. पाणी तापेल तसा त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. बऱ्याच गाड्यांत तो 20 अंशांना अडीच हजार ओहम, 80 ला सुमारे 320, 100 ला साधारण 185 असतो. त्यात 100 मिळवले की 285 होतात आणि इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पाणी 85 अंशांवर आहे. काटा गपगार. फॅन 95 ला लागायचा, तो आता खऱ्या 118-120 ला लागतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी आणि 0.9 बार दाब धरणारं झाकण असेल तर पाणी तेवढ्यातच उकळतं.

एसी चालू असेपर्यंत हे कळतही नाही, कारण एसीबरोबर फॅन तसाही फिरतो. मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिनला आराम म्हणून एसी बंद केला, की फॅनही थांबतो. पुढं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडतं, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं आणि लेथवर फेस मारायला, म्हणजे सपाट करायला, जातं.

सकाळी थंड गाडीला स्कॅनर (इसीएमला दिसणारे आकडे दाखवणारं यंत्र) लावून ही चोरी सापडत नाही. अडीच हजारांत शंभरानं एक-दोन अंशांचाच फरक पडतो. तपासणी गरम इंजिनवरच करा. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) घरावर काळी टेप चिकटवा (चकचकीत ॲल्युमिनियमवर टेम्परेचर गन कमी आकडा दाखवते) आणि स्कॅनरशी ताडून बघा. चार-पाच अंश इकडंतिकडं चालतं. गन 100 आणि स्कॅनर 85 दाखवत असेल तर समजून घ्या.

हवा खरंच सुधारायची असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये टॉर्च मारून बघा. आपल्याकडं तिथं धूळ, किडे आणि जिनिंगच्या रस्त्यावरचा कापूस यांची गादीच बसलेली असते. वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर जरा मागं झुकवा आणि साध्या नळीनं इंजिनकडून पुढं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, पाती आडवी होतात. मग दोन्हींच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीनं बुजवा. हवा सोपी वाट धरते. फट असली की जाळी टाळून बाजूनं निघून जाते. खर्च दोन-तीनशे रुपये, आणि किटपेक्षा हजारपट उपयोग.

कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी क्षार धरतं. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पातेल्यात पाणी तापवून तो त्याच्यावर छापलेल्या अंशांना, बहुधा 82 किंवा 88 ला, उघडतो का ते बघा. नाही उघडला तर बदला.

डबी बसवून झाली असेल तर बॅटरी सोडवून ती काढा आणि मूळ प्लग सेन्सरला थेट जोडा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर गाडी ओढूनच गॅरेजला न्या. डबी फेकू नका. तिचे फोटो, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि फिटरचं लेखी मत जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार देता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी लागत नाही.