दिवाळीच्या आठवड्यासाठी मॅग्नेटिक ट्रेनर: कुणी घ्यावा, कसा लावावा

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा धूर वारा पडलेल्या थंड हवेत पहाटेपर्यंत जमिनीलगत साचून राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्या-मुंबईतले सायकलवाले बाहेर पडतात. त्या आठवड्यात पाय थांबू नयेत म्हणून मागच्या चाकाला लावायचा साधा मॅग्नेटिक ट्रेनर, म्हणजे सायकल घरातच जागेवर चालवता यावी म्हणून चुंबकाने विरोध देणारा स्टँड, आम्ही मनापासून सुचवतो. डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून साखळी थेट जोडायचा) स्मार्ट ट्रेनर जास्त शांत आणि अचूक असतो, पण किंमत कित्येक पटींनी जास्त. फक्त सणासुदीला आणि पावसाळ्यात वापर होणार असेल, तर तेवढे पैसे घालू नयेत.

घेण्याआधी मागचा एक्सल (चाकाचा आस) बघा. क्विक रिलीज (खटक्याने उघडणारा) असेल तर सायकलचा मूळ स्क्यूअर (आसातून जाणारी दांडी) काढून ट्रेनरसोबत येणारा स्टीलचाच घाला. मूळ स्क्यूअरची टोकं ट्रेनरच्या कपात नीट बसतीलच असं नाही, आणि उभं राहून जोर लावताना सायकल निसटू शकते. बऱ्याच स्वस्त गिअरच्या सायकलींना नटाचा एक्सल असतो, त्यासाठी वेगळे अडॅप्टर नट लागतात. थ्रू एक्सल (फ्रेममध्ये आट्यांनी आवळला जाणारा जाड आस) असेल तर लांबी आणि आट्यांचा पिच (आट्यांमधलं अंतर), दोन्ही जुळणारा ट्रेनर एक्सल हवा. शक्य असेल तर सायकल दुकानात नेऊन बसवूनच बघा.

बहुतेकांची तक्रार टायर घसरण्याची असते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी हवेत किंवा रोलरच्या (टायरला टेकून फिरणाऱ्या ट्रेनरच्या दंडगोलाच्या) दाबात सापडतं. २५ किंवा २८ मिमीच्या रोड टायरमध्ये ९० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), हायब्रिडच्या रुंद टायरमध्ये ६० च्या आसपास; टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. हवा दर वेळी भरायची, कारण ती उतरली की रेझिस्टन्सही (पेडलला होणारा विरोध) बदलतो. रोलर टायरला टेकल्यावर तो दाबणारा नॉब आणखी दोन-तीन फेरे आवळा. मग फ्लायव्हील (रोलरला जोडलेली जड चकती) हाताने धरून चाक जोरात ढकला. टायर घसरला तर दाब कमी आहे. दाब फार झाला तर रबर तापून झिजतं आणि रोलरखाली काळी भुकटी पडते. काम झालं की रोलर सैल करा, नाहीतर टायर त्या जागी चपटा होतो. एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) गोट्यांचा टायर इथे चालत नाही: आवाज असह्य होतो, थरथर वेगळीच. त्याऐवजी गुळगुळीत टायर चढवा.

मागचं चाक उचललं जातं म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा हवा. जाड फळीही चालते. स्पीड सेन्सर मागच्या चाकाला लावा, पुढचं चाक फिरतच नाही. टेबल फॅन थेट छातीवर, हँडल आणि टॉप ट्यूबवर टॉवेल. घाम हेडसेटमध्ये (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये) झिरपला की बोल्ट गंजतात.

चाळीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं हलक्या गिअरवर ८५-९० आरपीएमने (पेडलचे मिनिटाला फेरे), मग चार-चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे, मध्ये तीन-तीन मिनिटं सैल, शेवटी पाच मिनिटं थंड होण्यासाठी. पहिली दहा मिनिटं गाळू नका. चुंबकासमोर फिरणारी चकती तापली की रेझिस्टन्स थोडा उतरतो, त्यामुळे मधल्या टप्प्यांची तुलना त्यानंतरच खरी ठरते. पाणी अर्धा ते पाऊण लिटर. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या गडबडीत हे बसवू नका, संध्याकाळी करा. तेल लावलेल्या अंगाने तर हँडल धरवतच नाही.

आता फराळाचा हिशेब. ॲपवर वेगावरून काढलेल्या कॅलरी इथे विश्वासार्ह नाहीत: वारा नाही, चढ नाही, नॉब थोडा सैल असला तरी आकडा फुगतो. सरासरी १२० वॉटने चाळीस मिनिटं म्हणजे २८८ किलोज्यूल काम. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे चार किलोज्यूल, आणि शरीराची कार्यक्षमता पाव भागाच्या आसपास असल्याने खर्चही साधारण तेवढ्याच किलोकॅलरींचा. चाळीस ग्रॅमचा साजूक तुपातला बेसनाचा लाडू दोनशेच्या आसपास जातो. सोबत एक चकली घेतली की हिशेब संपला. म्हणून फराळ जेवणावर वाढवून खाऊ नका, चारच्या चहाची जागा त्याला द्या: वाटीत काढून एक गोड, एक तिखट, आणि डबा बंद. सायकलनंतर आधी धिरडं किंवा दोन अंडी पोटात जाऊ द्या, म्हणजे लाडवावर भुकेने हात पडत नाही. चिवडा पातळ पोह्यांचा भाजूनच करा. पाव किलोला तीन मोठे चमचे तेल पुरतं, तळलेले पोहे त्याहून कितीतरी जास्त पितात.

खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर जाड रबरी मॅटशिवाय हा ट्रेनर लावू नका, आणि सकाळी सातच्या आत तर नाहीच. ज्यांच्या सायकलला कार्बन फ्रेम आहे त्यांनी फ्रेम उत्पादकाची परवानगी आधी तपासावी.