हळद युनिटसाठी कॉलेजशी टायअप केला त्याचा रिव्ह्यू, ५ पैकी साडेतीन

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं हळद पावडरचं युनिट आहे. सांगलीतल्याच एका कॉलेजची इंडस्ट्री पार्टनरशिप सर्व्हिस वर्षभर घेतली. नाव टाकत नाही, तिथल्या प्रोफेसर सरांशी अजून रोज बोलणं असतंय.

प्रॉब्लेम साधा होता, पल्वरायझर (दळायची चक्की) तापला की हळदीचं तेल उडतं, रंग राहतो पण वास जातो, आणि गिऱ्हाईक पुडी फोडली की आधी नाकालाच लावतंय. सुरुवातीचे ३ महिने निव्वळ फुकट गेले. एमओयू (करारपत्र), शाल, नारळ, फोटो. मग लॅब परीक्षेसाठी बंद, मग कमिटी येणार म्हणून बंद, आणि आमची सँपलं कपाटात, तीसुद्धा उघड्या पिशवीत, म्हणजे वास मोजायच्या आधीच गेलेला, आता काय बोलायचं.

खरं काम सुरू झालं ते एमटेकची एक पोरगी थेट चक्कीवर येऊन बसायला लागली तेव्हा. दर अर्ध्या तासाला सँपल, टेम्परेचर, आणि लॅबमधे क्लेव्हेंजर (वाफेनं तेल काढायचं काचेचं उपकरण) लावून तेल काढायचं, एका सँपलला ३-४ तास. शेवटी निघालं काय, तर फीड, म्हणजे चक्कीत पडणारा माल, कमी ठेवा, दोन टप्प्यात दळा आणि उन्हाळ्यात रात्री दळा. ऐकायला काहीच नाही, पण आमच्या म्हाताऱ्या हमालाला हे माहीतच होतं, फक्त आकडे नव्हते, आता आहेत!

भांडण झालं पेपरवरनं. सरांना पेपर पाहिजे, प्रमोशन त्यावर. आम्ही म्हटलं थांबा, चक्की थंड ठेवायच्या कुलिंग जॅकेटचं पेटंट टाकायचंय, आधी छापलं तर नवीन म्हणून कोण धरणार? प्रोव्हिजनल म्हणजे पेटंटचा कच्चा अर्ज टाकला असता तर फायनलला १२ महिने मिळतात आणि पेपर लगेच सुटला असता, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, कॉलेजच्या पार्टनरशिप सेलनं सांगायला पाहिजे होतं, त्यासाठीच तर फी घेतात. पोरीचा पेपर आमच्यामुळं ४ महिने अडकला, वाईट वाटलं. १९९५ ला अमेरिकेत हळदीनं जखम भरते ह्यावर पेटंट दिलं आणि आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं, सीएसआयआरनं, भांडून १९९७ ला रद्द करायला लावलं, तेव्हा हळदवाल्यांनी तरी कागद आधी बघायला पाहिजेत, चूक आमची पण आहे.

बाकी सर म्हणतात तेही खरं, आधी पोरं दुकानातली पुडी आणून प्रोजेक्ट करायची, आता चालू मशीनचा डेटा मिळतो.

पुढचं काम उकडायच्या कुकरवर. नवी हळद आली की जाणार, परीक्षेच्या तारखा तेवढ्या आधीच मागून घेतल्यात.