कॅरियरच्या पायाखालचा गंज: कन्व्हर्टर की ग्राइंडर?

टपावरचं कॅरियर जिथे बोल्टने बसतं तिथे गंज धरला, की दोन सल्ले मिळतात: रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर फिरवायचं रसायन, लावा, नाहीतर डेंटरकडे नेऊन पत्रा उघडा करून घ्या. माझ्या गाडीवर सध्या दोन्ही आहेत. पुढचे दोन पाय कन्व्हर्टरवर, मागचे दोन ग्राइंडर आणि इपॉक्सी प्रायमरवर (रंगाखालचा अस्तराचा हात). हे ठरवून झालेलं नाही, कसं झालं ते पुढे येतंच.

आधी गंज कुठून आला ते. नागपूरच्या उन्हात पायाखालचं रबर तीन-चार उन्हाळ्यांत तडकतं आणि पावसाचं पाणी तिथे दबा धरून बसतं. माझ्याकडे त्यात कूलरची भर. गाडी खिडकीतल्या कूलरखाली उभी राहायची आणि त्याचं क्षाराचं पाणी नेमकं मागच्या डाव्या पायावर ठिबकायचं. बोल्टभोवती पांढरी कड आणि तिच्या आत तपकिरी भुकटी. मी ते दोन वर्षं बघत होतो आणि धूळ समजत होतो.

कन्व्हर्टरची बाजू भक्कम आहे. बाटली चार-पाचशेत आली, काम घरच्या घरी. सुटा गंज वायर ब्रशने झाडायचा आणि ब्रशने द्रव फिरवायचा. त्यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल उरलेल्या गंजाशी मिळून काळसर थर धरतं. फक्त मे महिन्यात हे सकाळी सातच्या आत उरका. टप तापला की द्रव काम करायच्या आधीच वाळतो. पहिल्या वर्षी मी चारही पायांना लावलं आणि खूश होतो.

पण तो थर वरवरच पोचतो. पाऊस सुरू झाला आणि मागच्या डाव्या पायाखालून पांढऱ्या टपावर तपकिरी ओघळ पुन्हा उतरला. म्हणजे पुढच्या मेमध्ये परत बोल्ट उघडणं आलं. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

या बोल्टचा नट पत्र्यातच दाबून बसवलेला असतो, खालून पकडायला जागा नाही. बोल्ट गंजून त्यात अडकला की पाना फिरवल्यावर नटही सोबत फिरतो. ना सुटत, ना आवळत. मी तासभर त्याच्याशी झटलो. मधे स्क्रूड्रायव्हर घालून वर ताण दिला, तेल सोडून रात्रभर ठेवलं. शेवटी डेंटरकडे. तो एकदा फिरवून म्हणाला, "नट फुकटचा फिरून राहिला भाऊ, लायनिंग उतरवा लागते." आतून रूफ लायनिंग, म्हणजे छताचं अस्तर, उतरवलं, नट पकडीत धरला, तेव्हा कुठे बोल्ट निघाला. लायनिंग परत बसलं, पण मागच्या कडेला अजून किंचित ढिलं आहे आणि खड्ड्यात टकटकतं.

एवढं उघडलंच आहे तर मागचे दोन्ही पाय त्याच्याकडूनच पक्के करून घेतले. ग्राइंडरला वायरचा कप लावून चकचकीत पत्रा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, रंग, नवे नट, ग्रीस लावलेले स्टीलचे बोल्ट. टपाचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ, तेव्हा ग्राइंडर चालवणाऱ्याचा हात हलका हवा. भोक पडलं तर वेल्डिंग आलं, आणि त्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, जिथे नंतर ब्रश पोचत नाही. प्रायमरआधी लांबी (पुट्टी) भरू देऊ नका, ती ओलावा धरते. सीलंट व्हिनेगरसारखा वास मारणारं नको, त्यातलं आम्लच लोखंड खातं. हे काम पावसाळ्यात काढू नये, उघडा पत्रा काही तासांत लालसर होतो. खर्च मला साडेतीन हजारांच्या आसपास आला, गाडी दोन दिवस अडकली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. मागे ओघळ नाही. पुढे गंज मुळातच कमी होता, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मान्य. तरी पुढच्या उजव्या पायाच्या रबराला यंदा तपकिरी कड दिसतेय.

गाडी वर्षा-दोन वर्षांत विकायची असेल, किंवा गंज नुसता वरच्या रंगावर असेल, तर कन्व्हर्टरला नावं ठेवायचं कारण नाही. ज्यांचे बोल्ट लोण्यासारखे सुटतात त्यांनी दर उन्हाळ्यात खुशाल लावावा. मला मात्र पाना हातात घेतला की तो फिरणारा नट आठवतो. काटोलहून संत्र्यांचे क्रेट टपावर बांधून आणायचे, तर पाय हलणारा चालत नाही.

गाडी आता कूलरच्या पलीकडे लावतो. पुढचे दोन पायही मृग लागायच्या आत त्याच डेंटरकडे जातील. या वेळी लायनिंगची मागची कडही जरा बघ म्हणून सांगणार आहे.