गुढीपाडवा ते दिवाळी: आमच्या ओपन स्पेसमधल्या बागेचा अनुभव

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या बागेची फीत कापली. तेव्हापासून दिवाळीपर्यंत, गावाला गेलेले दिवस सोडले तर, मी जवळजवळ रोज तिथं जातेय. कधी लेकीला घेऊन, कधी सासूबाईंना. फीत कापली त्या दिवशी ग्रुपवर 'लई भारी' लिहिणाऱ्यांपैकी निम्मे आता दिसत नाहीत. म्हणून हे तेव्हा न लिहिता आत्ता लिहितेय.

जागा मूळची ले-आऊटची ओपन स्पेस. सध्याच्या नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभराच्या पुढच्या ले-आऊटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कागदावर ती मोकळीच असते. प्रत्यक्षात आमच्याकडे तिथं बांधकामाचं डबर, वेड्या बाभळी आणि वर्षातून दहा दिवस गणपतीचा मांडव. त्यामुळे बाग झाली याचंच आधी अप्रूप वाटलं.

ओपन जिमची सहा यंत्रं आहेत. पहिला महिना रांग लागायची. त्यांचं एक कुणी सांगत नाही: यात वजन कमी-जास्त करता येत नाही, आपल्याच अंगाच्या भारावर ती चालतात. पहिल्या दिवशी जेवढा जोर लागतो तेवढाच सहा महिन्यांनी. दंड कमवायला आलेली पोरं पंधरा दिवसांत पांगली. सांधे मोकळे करायला मात्र यंत्रं चांगली आहेत. सासूबाई एअर वॉकरवर, म्हणजे पट्ट्यांवर उभं राहून पाय पुढं-मागं झुलवायच्या यंत्रावर, रोज दहा मिनिटं पाय हलवतात. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण पूर्वी जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरायच्या, आता एका हातानं धरतात. लेकरं याच एअर वॉकरला झोका समजतात. मे महिन्यात एका पोराच्या कपाळाला पाय ठेवायची पट्टी लागली आणि तीन टाके पडले. यंत्रं लेकरांच्या खेळण्यांना इतकी खेटून बसवायचं काय नडलं होतं, देव जाणे.

पावसाळा सुरू झाला आणि यंत्रं बोलायला लागली. क्यार्र, क्यार्र. गेटवरच्या बोर्डावर देखभालीचा नंबर आहे, तो लावला की 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'. शेवटी आमच्या गल्लीत गॅरेज चालवणारे एक मामा रविवारी ग्रीस गन घेऊन आले. बेअरिंगवरची टोपी काढली तर आत ग्रीस नाहीच, नुसता तांबूस चिखल. पाणी शिरून बेअरिंग गंजलं होतं. पुसून, डिझेलनं धुऊन, ग्रीस भरून त्यांनी चार यंत्रं चालू केली. दोन गेली ती गेलीच.

आता उन्हाचं. आपल्याकडं मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 च्या आसपास असतो हे बाग आखणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. सकाळी नऊ वाजायच्या आतच हँडलला हात लावायची सोय राहत नाही, आणि संध्याकाळी पाचला गेट उघडतं तेव्हाही पाइप चटकाच देतो. एका बाईनं (कोण ते मला माहीत आहे, पण नाव सांगू देत नाही) जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून हँडलांना गुंडाळल्या. सात-आठ महिन्यांत बागेत झालेली सगळ्यात कामाची सुधारणा ती हीच.

सावली म्हणाल तर दोन जुन्या कडुनिंबांची, तेवढीच. नवीन लावले ते पाम. खांबासारखे उभे राहतात, सावलीही खांबाएवढीच देतात. कडुनिंबांच्या बुडाला थेट खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले होते, मुळांना पाणी जायला जागा नाही. आम्ही भोवतालची एक ओळ उखडून आळं केलं. आणि लॉन! 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला प्यायला दिलं, त्याच मराठवाड्यात हे लॉन. एप्रिलात बोअर आटलं, लॉनचं वाळलेलं गवत झालं, मग चार टँकर ओतले. तेवढ्या पाण्यात वीस-पंचवीस निंब, करंज जगले असते.

वेळेचा त्रास वेगळाच. बोर्डावर सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 8. स्वयंपाक, जेवणं उरकून बाया मोकळ्या होतात साडेआठला. एकदा आम्ही तिघी गेटवर पोचलो तर वाचमन मामा कुलूप घेऊन उभे.

"मामा, आत्ताच लावायलात व्हय?"

"टाइम झाला ताई. मला बोलणी बसायलीत."

त्यांचं खोटं नव्हतं. मग तेवीस सह्यांचा अर्ज दिला, दोन महिने हेलपाटे घातले. आता साडेनऊपर्यंत उघडं असतं, तेही तोंडी. बोर्ड अजून तोच आहे. बाथरूम आहे, पण कुलपात. किल्ली मामांकडं, आणि मामा चहाला गेले की संपलं. सासूबाईंना शुगर आहे, त्यामुळे त्यांना घेऊन गेले तर अर्ध्या तासात परत यावं लागतं.

कार्यक्रमांचं सांगते. 21 जूनला योग दिनाला चटया, टोप्या, माइक, बाग फुल्ल. 22 तारखेला आम्ही चौघी आणि एक कुत्रं. उन्हाळी शिबिराला फी होती, म्हणून समोरच्या वस्तीतली लेकरं जाळीला नाक लावून बघत राहिली. मला ते फार लागलं. याउलट जुलैत एका रिटायर्ड बाईंनी लेझीम सुरू केली. फी नाही, फ्लेक्स नाही, आठवड्यातून तीन संध्याकाळी. गणपतीपर्यंत तीसेक जणी झाल्या, त्यात वस्तीतल्या पोरी निम्म्या. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं तेव्हा याच पोरी लेझीम घेऊन पुढं होत्या. दोघींच्या पायात चपला नव्हत्या, ठेका मात्र एकीचाही चुकला नाही. बाईंनी एकच मागितलं होतं, लेझीम ठेवायला एक पेटी. ती अजून मिळालेली नाही. लेझमा रोज स्कूटीवर येतात-जातात.

झोके दोन आणि लेकरं पन्नास. यावर मोठ्यांनी काही केलं नाही, लेकरांनीच तोड काढली: एकाला शंभर झोके, मोजणार पुढचा नंबरवाला. तो इतक्या घाईनं मोजतो की साठला शंभर होतात.

तुमच्या लेकराला पोटभर झोका हवा असेल तर नळाच्या दिवशी या. आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतो, बहुतेक संध्याकाळीच. त्या दिवशी सगळी कॉलनी पाणी भरायला घरात असते आणि दोन्ही झोके रिकामे असतात.