हायडेलबर्गची 'त्सुम रोटन ऑक्सन' खानावळ: शंभर सेमिस्टरांची सोबत

मराठी वाचकाला जर्मनीतील हायडेलबर्ग हे नाव बहुधा खंडोबा आणि धनगरांचा अभ्यास करणाऱ्या गुंथर सोंथायमर यांच्यामुळे ठाऊक असते. वाल्डोर्फ परिसरात नोकरीला असलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसांना ते शेजारचे गाव म्हणून ठाऊक असते. १३८६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे हे गाव आहे आणि त्याच्या विद्यार्थिजीवनाची खरी ओळख ज्या एका खोलीत होते, ती खोली एका खानावळीची आहे. हाउप्टस्ट्रासं या जुन्या गावातल्या पायी रस्त्याने कार्ल्सप्लाट्झ चौकाच्या बाजूला चालत गेले, की २१७ क्रमांकाची, १७०३ साली बांधलेली इमारत लागते. 'त्सुम रोटन ऑक्सन', म्हणजे 'लाल बैल', ही खानावळ तिथे आहे आणि १८३९ पासून ती श्पेंगल या एकाच घराण्याकडे चालत आलेली आहे.

मी तिथे आजवर तीन वेळा जेवलो. पहिल्या दोन वेळा पाहुणा म्हणून गेलो, जेवण आवडले आणि परत आलो. तिसऱ्या वेळी मात्र माझ्या कचेरीतून निवृत्त झालेले एक वडीलधारे जर्मन सहकारी मला घेऊन गेले. ते एका विद्यार्थी-बंधुसंघाचे सदस्य आहेत, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या संघातील सात-आठ जण टेबलाभोवती जमणार होते. ही खानावळ नेमकी कशासाठी आहे, ते मला त्या संध्याकाळी कळले, म्हणून हा अभिप्राय प्रामुख्याने त्या तिसऱ्या भेटीचा आहे.

आधी जागेविषयी. दिवे मंद आहेत आणि लाकूड इतके काळवंडलेले आहे की भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते ते नजर सरावल्यावरच कळते. भिंतींवर विद्यार्थ्यांच्या गटांची जुनी छायाचित्रे दाटीने लावलेली आहेत. त्यांतील तरुणांच्या डोक्यावर संघाची टोपी आणि छातीवरून तिरपी गेलेली रंगीत फीत दिसते. टेबलांचे जाड फळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नावांनी आणि आद्याक्षरांनी कोरलेले आहेत. माझ्या थाळीखाली एक 'के' होता, ज्याच्या उभ्या रेषेत मेण आणि मळ भरून ती आता जवळजवळ सपाट झाली होती. बोट फिरवल्याशिवाय तो खाचलेला आहे हे कळलेच नसते. दुसऱ्या एका गावातील पानगृहात (नाव देत नाही) मी अशीच टेबले पाहिली होती, परंतु तिथली अक्षरे यंत्राने कोरलेली होती, सगळ्यांची खोली सारखीच. तो फरक बोटाला लगेच कळतो.

जर्मन विद्यार्थी-बंधुसंघांची पद्धत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय या खोलीचा अर्थ लागत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला 'फुक्स', म्हणजे कोल्हा, म्हणतात. उमेदवारीच्या काळातून गेल्यावर तो पूर्ण सदस्य होतो, आणि शिक्षण संपवून नोकरीधंद्याला लागला की 'आल्टर हेर', म्हणजे ज्येष्ठ, होतो. सदस्यत्व मात्र पदवीबरोबर संपत नाही. 'लेबेन्सबुंड', म्हणजे आजन्म बांधिलकी, हे या संघांचे मूळ तत्त्वच आहे. ज्येष्ठ मंडळी दर वर्षी वर्गणी देतात, त्यातून संघाचे घर चालते, आणि त्या घरातील खोल्या शिकणाऱ्या मुलांना परवडणाऱ्या भाड्यात मिळतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस आजच्या मुलाच्या डोक्यावरचे छप्पर राखतो. मला या व्यवस्थेतील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

टेबलावर सर्वांत वयस्कर होते ते एक निवृत्त न्यायाधीश, आणि सर्वांत लहान होता पहिल्या वर्षाचा एक मुलगा. दोघे एकमेकांशी 'डू' म्हणून, म्हणजे सरळ अरे-तुरेत, बोलत होते. जर्मनीत अनोळखी वडीलधाऱ्यांशी 'झी', म्हणजे आपले अहो-जाहो, इतके काटेकोर पाळले जाते की मला ते ऐकताना क्षणभर अवघडल्यासारखे झाले. संघात मात्र वय आणि हुद्दा दाराबाहेर ठेवण्याचा नियम आहे. आणखी एक रीत अशी की ही मंडळी संघातील वर्षे सेमिस्टरांत, म्हणजे सहामाहींत, मोजतात. पन्नास वर्षे झालेल्या सदस्याला शंभर सेमिस्टरांची खास फीत दिली जाते. ती मोठ्या पदावर पोहोचलेल्याला मिळते तशीच साध्या नोकरीत आयुष्य गेलेल्यालाही मिळते, कारण ती टिकून राहिल्याबद्दल असते.

माझ्या सहकाऱ्यांनी जेवणाआधी कमरपट्ट्याला लावलेली एक छोटी वस्तू काढून माझ्या थाळीशेजारी ठेवली. तिला 'बियरत्सिप्फेल' म्हणतात. बोटभर लांबीची, संघाच्या रंगांची दुहेरी फीत आणि तिला धरून ठेवणारी चांदीची पट्टी. पट्टीवर दोन नावे आणि एक तारीख कोरलेली होती. विद्यार्थिदशेत ज्या वरच्या वर्षाच्या मुलाने त्यांना आपला शागीर्द म्हणून पत्करले होते, त्याने ती दिली होती. फीत मधोमध विरली होती आणि कुणीतरी जवळच्या रंगाच्या धाग्याने तिला बारीक टाके घातले होते. देणारा आता हयात नाही, असे त्यांनी सांगितले, आणि मग पट्टी पालथी करून ती पुन्हा कमरेला लावली. समोरच्या मुलाच्या कमरेला तशीच एक होती, कोरी करकरीत.

आता जेवणाविषयी. हा नैर्ऋत्य जर्मनीचा स्वयंपाक आहे, म्हणजे मांसाहाराकडे झुकलेला. मी मौलटाशन घेतले. आपल्या करंजीच्या कुळातील, पण तळण्याऐवजी उकडलेला, मांस आणि पालकाचे सारण भरलेला हा पदार्थ मटणाच्या रश्शासारख्या स्वच्छ सारात येतो. पारी जाड नव्हती, सारणात जायफळाचा नेमका सुगंध होता, आणि सार इतके गरम होते की चष्म्यावर वाफ धरली. शाकाहारी मंडळींनी चीज घातलेले श्पेट्झलं, म्हणजे अंडे घातलेल्या पिठाच्या मऊ शेवया, मागावे. वरचा तळलेला कांदा कुरकुरीत असताना ते लगेच खाल्ले पाहिजे. एप्रिल ते जूनच्या अखेरीपर्यंत जवळच्या श्वेट्झिंगनचा पांढरा अॅस्परॅगस, म्हणजे शतावरीच्या कुळातील कोवळे कोंब, या सगळ्या भागात मिळतो. तो हंगाम २४ जूनला संपतो, तेव्हा त्याआधी जाता आले तर उत्तम.

त्या अॅस्परॅगसवरूनच टेबलावर १९३५ सालची गोष्ट निघाली. इथल्याच एका संघाच्या मुलांनी हिटलरचे भाषण आकाशवाणीवर चालू असताना गावातील एका खानावळीत गोंगाट केला, आणि पुढे काही दिवसांनी हिटलर अॅस्परॅगस कसा खातो यावर थट्टा केली. त्याचे निमित्त करून सरकारने संघांवर कारवाई केली, आणि पुढच्या वर्षापर्यंत ते जवळजवळ सर्व बंद पडले. परंतु हा केवळ शौर्याचा इतिहास नाही, हे न्यायाधीशांनी स्वतःहून सांगितले. १९३३ नंतर अनेक संघांनी आपल्याच ज्यू बांधवांना बाहेर काढले होते. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १८८३ साली, पुढे झायोनिस्ट चळवळ उभारणारे थिओडोर हर्झल ज्यूद्वेषामुळे आपल्या व्हिएन्नातील संघातून बाहेर पडले होते. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याच हायडेलबर्गमध्ये अलेमानिया संघात होते आणि १९१८ साली त्यांनी तो सोडला. अगदी अलीकडे, २०२० साली, इथल्याच एका संघाच्या घरात ज्यू वंशाच्या एका तरुणाला पट्ट्यांनी मारल्याची घटना घडली. आजन्म बांधिलकी कुणाशी आणि कशासाठी, हा प्रश्न मिटलेला नाही, आणि बहुतेक संघांत स्त्रियांना आजही प्रवेश नाही. त्या टेबलावर मिळालेली माया मी विसरणार नाही. तरीही या दोन गोष्टी माझ्या मनात तितक्याच ठसठशीत राहिल्या आहेत.

खानावळ आपल्या थोर पाहुण्यांची नावे सांगते: बिस्मार्क, मार्क ट्वेन, मेरिलिन मन्रो. ट्वेन १८७८ साली काही महिने हायडेलबर्गमध्ये राहिले होते. पण माझे लक्ष त्या नावांपेक्षा न्यायाधीशांनी भिंतीवर दाखवलेल्या एका छायाचित्रात गुंतले. त्यात अकरा मुले होती. कोण डॉक्टर झाला, कुणाचा कारखाना बुडाला आणि त्याला कोणी उभे केले, कोण दर उन्हाळ्यात संघाच्या घराचे छत दुरुस्त करायला येत असे, हे त्यांनी एकेकावर बोट ठेवून सांगितले. अकरांपैकी तिघे आज आहेत.

जाण्यापूर्वी टेबल राखून ठेवावे, आणि संध्याकाळीच जावे. पियानो वाजतो तेव्हा खोली खरी जागी होते. हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, तेव्हा नवे 'कोल्हे' टोप्या घालून येण्याची शक्यता जास्त. ज्या टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी असेल ते नेहमीच्या मंडळींचे असते, तिथे आपण होऊन बसू नये. मात्र शेजारच्या टेबलावरून छायाचित्रांविषयी विचारावे. मी विचारले, तेव्हा तिघांनी सरकून बाकावर जागा केली.